बंडाचा आरोप असलेल्या खासदाराचं नाव मतपत्रिकेवर असावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीवर, ट्रम्प समर्थकांचा जमाव चालून गेला. आत तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या मतांची मोजणी चालू होती. त्यात हात असल्याचा आरोप ज्या खासदार-आमदारांवर झाला, त्यांची नावं अमेरिकेत मतपत्रिकेवर छापली कशी जातात? तुम्ही नुकतेच इथले नागरिक झालात, संविधानाशी निष्ठेची शपथ घेतलीत, त्यामुळे हे जास्तच खटकतं, असंही तुम्ही लिहिलंय.

मी उमेदवारीच्या वादांचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे उत्तर आधी देऊन टाकतो. नुसत्या आरोपावरून कुणाचंही नाव काढू नये. पण शपथ घेऊन नंतर बंडात सामील झाल्याचं सिद्ध झालं, तर नाव काढायलाच हवं, मग मतदारांचं त्या माणसावर कितीही प्रेम असो. खरी गोम या दोन वाक्यांच्या मधे आहे. सिद्ध कुणी करायचं, कुठे करायचं आणि कधी? निदान काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांपुरतं या प्रश्नाला अमेरिकेच्या कायद्यात आज धड उत्तर नाही.

आधी मूळ तरतूद बघा. संविधानाची १४ वी दुरुस्ती १८६८ साली मंजूर झाली, तिचं हे तिसरं कलम. यादवी युद्ध १८६५ ला संपलं आणि हरलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी लगेच जुन्याच पुढाऱ्यांना पुन्हा वॉशिंग्टनला पाठवायला सुरुवात केली. अलेक्झांडर स्टीव्हन्स हा फुटीर सरकारचा उपाध्यक्ष. जॉर्जिया राज्यानं १८६६ च्या जानेवारीत त्यालाच सिनेटवर निवडून दिलं! काँग्रेसनं त्याला बसू दिलं नाही आणि मग हे कलम लिहिलं गेलं. काँग्रेस सदस्य, केंद्राचा अधिकारी, राज्याचा आमदार, राज्याचा अधिकारी किंवा न्यायाधीश म्हणून ज्यानं संविधानाला आधार देण्याची शपथ घेतली आणि नंतर बंडात भाग घेतला किंवा शत्रूला मदत केली, त्याला पुन्हा पद धारण करता येणार नाही. ही बंदी उठवायची तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत.

म्हणजे हे कलम सगळ्या बंडखोरांसाठी नाही. साधा शेतकरी बंदूक घेऊन लढला असेल, तर त्याला ते लागू होत नव्हतं. शपथ मोडणाऱ्यासाठी ते आहे. आणि तुम्ही घेतलीत ती नागरिकत्वाची शपथ इथे मोजली जात नाही. पदाची शपथ लागते.

कलमात 'दोषी ठरलेला' असे शब्द कुठेही नाहीत, आणि ते मुद्दाम. जेफरसन डेव्हिस, फुटीर सरकारचा खुद्द अध्यक्ष, त्याच्यावरही देशद्रोहाचा खटला शेवटपर्यंत चालला नाही. १८६९ मध्ये तो सोडून देण्यात आला. फौजदारी शिक्षेची अट घातली असती तर हे कलम जन्मालाच मेलं असतं. म्हणून 'शिक्षा नाही तर बंदी नाही' असं टीव्हीवर ठणकावून सांगणारे वकील कलमाला धरून बोलत नाहीत.

पण शिक्षा नको म्हणजे पुरावाही नको, असा अर्थ होत नाही. हा घोळ पहिल्याच वर्षी उभा राहिला. व्हर्जिनियात सीझर ग्रिफिन नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला ज्या न्यायाधीशानं शिक्षा दिली, तो स्वतः युद्धकाळात फुटीर बाजूच्या विधानसभेत होता. ग्रिफिन म्हणाला, हा न्यायाधीशच अपात्र, मग माझी शिक्षा कसली? १८६९ मध्ये सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी सर्किट कोर्टात बसून निकाल दिला की कलम आपोआप चालत नाही, काँग्रेसनं आधी अंमलबजावणीचा कायदा करावा. मग १८७० साली काँग्रेसनं तो केला: असा अपात्र माणूस पदावर बसलेला दिसला, तर केंद्राच्या सरकारी वकिलानं त्याच्याविरुद्ध दिवाणी दावा लावायचा, 'कुठल्या अधिकारानं बसलास?' असं विचारणारा. रीत सरळ होती. दोनच वर्षांत, १८७२ ला, माफीचा कायदा आला आणि बहुतेकांची बंदी उठली. स्टीव्हन्स सुटला आणि १८७३ मध्ये प्रतिनिधिगृहात जाऊन बसलाही. डेव्हिस सुटला नाही, कारण युद्धाच्या तोंडावर जे काँग्रेसमध्ये होते ते माफीतून वगळले होते. उरलेल्यांची बंदी १८९८ ला गेली. १८७० च्या कायद्यातली ती दाव्याची तरतूद १९४८ मध्ये कायद्यांची नवी संहिता लावताना रद्द झाली. कुणाला तिची गरजच वाटत नव्हती. २०२१ नंतर जे झालं ते या रिकाम्या जागेमुळे झालं, असं माझं मत आहे.

आता जॉर्जियाच्या तेव्हाच्या रिपब्लिकन खासदार मार्जरी टेलर ग्रीन यांचं प्रकरण जरा जवळून पाहू, कारण तुमच्या प्रश्नातली बहुतेक गुंतागुंत त्यात दिसते. जॉर्जियात मतदाराला उमेदवाराच्या पात्रतेवर हरकत घेता येते. मार्च २०२२ मध्ये त्यांच्या मतदारसंघातल्या काही मतदारांनी ती घेतली. केंद्राच्या कोर्टात ती अडवण्याचा ग्रीन यांचा प्रयत्न फसला आणि २२ एप्रिलला अटलांटात प्रशासकीय न्यायाधीश चार्ल्स बोड्रो यांच्यासमोर सुनावणी झाली. काँग्रेसची सदस्य साक्षीदाराच्या खुर्चीत शपथेवर बसलेली आणि समोरचा वकील तिची जुनी ट्विटं, मुलाखती, व्हिडिओ एकेक करून दाखवतोय. उत्तरं बहुतेक एकच: 'आठवत नाही.' ट्रम्प यांना लष्करी कायदा लावायला सुचवलं होतं का? तेही आठवत नाही. आणि अवघ्या तीन दिवसांनी, २५ एप्रिलला, व्हाइट हाउसचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ मार्क मेडोज यांच्या फोनमधले मेसेज बातम्यांत आले. त्यात १७ जानेवारी २०२१ चा ग्रीन यांचा एक होता. काही सदस्यांच्या मते आता लष्करी कायदा हाच उपाय आहे, पण मला यातलं काही कळत नाही, अशा अर्थाचा.

तो मेसेज ६ जानेवारीनंतरचा, त्यामुळे त्यानं निकाल फिरला असता असं मी म्हणणार नाही. पण हरकत घेणाऱ्यांना सुनावणीपूर्वी जबानी घ्यायची होती आणि ती परवानगी मिळाली नव्हती. ज्या पुराव्यावर माणसाचा निवडणूक लढवण्याचा हक्क ठरणार, तो हातात न येताच एका दिवसात सुनावणी उरकली. ६ मे ला निकाल आला: आरोप सिद्ध झालेला नाही, ग्रीन पात्र आहेत. त्यातला सगळ्यात वकिली मुद्दा वाचकांच्या नजरेतून निसटतो. ग्रीन यांनी काँग्रेसची शपथ पहिल्यांदा घेतली ३ जानेवारी २०२१ ला. कलम शपथेनंतरच्या कृत्यांसाठी आहे, म्हणून त्यांच्या हिशेबात खरं तर ३ ते ६ जानेवारी एवढेच दिवस धरायचे. त्यात होतं काय? १७७६ ची आठवण काढणारी एक मुलाखत, आणि तेवढ्यावरून बंडात भाग घेतल्याचं ठरवायला न्यायाधीश तयार झाले नाहीत. भाषण म्हणून त्याला संविधानाचं संरक्षण आहे, असं त्यांनी म्हटलं. ग्रीन मला आवडतात म्हणून नाही, पण निकाल मला योग्य वाटला. समोर जे होतं, त्यावरून दुसरा निकाल देता आला नसता.

आता तारखा बघा. पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक २४ मे ला. केंद्राच्या कायद्याप्रमाणे परदेशात असलेल्या नागरिकांना आणि सैनिकांना मतपत्रिका ४५ दिवस आधी धाडाव्या लागतात. म्हणजे सुनावणी व्हायच्या आतच त्या मतपत्रिका टपालात पडलेल्या. बाकीच्यांचं आगाऊ मतदान २ मे ला सुरू झालं. निकाल ६ मे चा. नाव काढायचं ठरलं असतं, तर पडलेल्या मतांचं काय करणार होते? उमेदवारीच्या वादांत आम्ही कायम हे वेळापत्रक मानगुटीवर घेऊन काम करतो. सह्या खऱ्या आहेत का, पत्ता मतदारसंघातला आहे का, वय पुरतं का, हे त्या आठ-पंधरा दिवसांत बघता येतं. जन्मदाखला समोर ठेवला की प्रश्न मिटला. गयानात जन्मलेले, इथे नागरिक झालेले अब्दुल हसन यांना राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवायची होती. कोलोरॅडोनं त्यांचं नाव मतपत्रिकेवर घ्यायला नकार दिला आणि २०१२ मध्ये अपील कोर्टानं तो उचलून धरला. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती नील गोरसच, जे पुढे सुप्रीम कोर्टात गेले. म्हणजे अपात्र माणसाचं नाव मतपत्रिकेवरून वगळायचा राज्याचा अधिकार नवा नाही. पण 'याचा बंडात सहभाग होता का' हे काही कागदावरून कळत नाही. त्याला साक्षी, उलटतपासणी, फोनच्या नोंदी लागतात. चाळणीत पाणी मोजण्याचा प्रकार आहे तो.

उत्तर कॅरोलायनात तिथले तेव्हाचे खासदार मॅडिसन कॉथॉर्न यांचं तर याहून गमतीचं झालं. खालच्या कोर्टानं म्हटलं की १८७२ च्या माफीनं यांनाही माफी मिळालीय! दीडशे वर्षं आधी, गुन्ह्याच्या आणि जन्माच्याही आधी. अपील कोर्टानं तो निकाल फिरवला २४ मे २०२२ ला, आणि कॉथॉर्न त्याच्या आठवडाभर आधी, १७ मे ला, प्राथमिक निवडणूकच हरून बसले होते.

सगळ्यांवरचा 'आरोप' एका मापाचा नाही, हेही लक्षात घ्या. ६ जानेवारीच्या रात्री १४७ सदस्यांनी, म्हणजे १३९ प्रतिनिधी आणि ८ सिनेटरांनी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालावर हरकतीच्या बाजूनं मत दिलं. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये न्यू जर्सीचे बिल पॅस्क्रेल यांनी मागणी केली होती की चार राज्यांतल्या निकालांना आव्हान देणाऱ्या टेक्सासच्या दाव्याला पाठिंबा देणाऱ्या १२६ रिपब्लिकनांना नव्या सभागृहात बसूच देऊ नये, आणि आधार दिला होता याच कलमाचा. माझ्या मते ही मागणी चूक होती. कोर्टात जाणं आणि सभागृहात मत देणं याला बंड म्हणायचं नाही. मोजणीच्या वेळी हरकत घ्यायची सोय १८८७ च्या कायद्यातच होती आणि २००५ मध्ये डेमोक्रॅटांनीही ती वापरली होती. सोय घातक आहे असं वाटलं, तर सोय बदलायची; २०२२ मध्ये तसं केलंही, आता हरकतीला प्रत्येक सभागृहातल्या एक-पंचमांश सदस्यांचा पाठिंबा लागतो.

दुसऱ्या टोकाला डेरिक इव्हान्स. वेस्ट व्हर्जिनियाच्या विधानसभेवर नुकताच निवडून आलेला हा गृहस्थ जमावाबरोबर कॅपिटॉलच्या आत शिरला, आणि स्वतःच व्हिडिओ काढत स्वतःचंच नाव ओरडत होता. पुरावा शोधायला फार कष्ट पडले नाहीत! त्यानं आमदारकीचा राजीनामा दिला, गुन्हा कबूल केला, तीन महिन्यांची शिक्षा झाली. आणि २०२४ मध्ये तो काँग्रेसच्या प्राथमिक निवडणुकीत मतपत्रिकेवर होता. मतदारांनी पाडला. त्याच्या शेजारी ठेवा कोइ ग्रिफिनला. हा न्यू मेक्सिकोतल्या ओटेरो काउंटीचा आयुक्त, 'काउबॉइज फॉर ट्रम्प'चा संस्थापक. हा इमारतीत शिरलाच नाही. बंदी असलेल्या आवारात घुसल्याचा किरकोळ गुन्हा त्याच्यावर शाबीत झाला. पण सांता फेमध्ये तिघा नागरिकांनी दावा लावला, साक्षीपुरावे झाले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायाधीश फ्रान्सिस मॅथ्यू यांनी त्याला पदावरून काढून आयुष्यभरासाठी अपात्र ठरवलं. एकोणिसाव्या शतकानंतर या कलमाखाली कोर्टानं असं प्रथमच केलं. आत घुसलेला मतपत्रिकेवर, बाहेर राहिलेला कायमचा घरी. कायद्यात फरक नव्हता. फरक एवढाच की एका राज्यात कुणीतरी दावा लावला, दुसऱ्यात लावला नाही.

मग आलं ट्रम्प विरुद्ध अँडरसन. कोलोरॅडोत सहा मतदारांनी दावा लावला, त्यांत नॉर्मा अँडरसन या रिपब्लिकन पक्षाच्याच नव्वदी ओलांडलेल्या माजी आमदार. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध ३ मतांनी ट्रम्प यांना अपात्र ठरवलं. मेनमध्ये तोच निर्णय शेना बेलोज या सेक्रेटरी ऑफ स्टेटनं, म्हणजे निवडणुकांची जबाबदारी असलेल्या राज्याच्या अधिकाऱ्यानं, दिला. ४ मार्च २०२४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं नऊच्या नऊ न्यायमूर्तींच्या एकमतानं ते उलटवलं: केंद्राच्या पदांसाठी हे कलम राज्यांना लावता येणार नाही. त्यांतले पाच जण त्यापुढे गेले आणि म्हणाले की अंमलबजावणीचा मार्ग काँग्रेसच्या कायद्यातूनच जातो. उरलेल्या चौघांना एवढं पुढे जायची गरज वाटली नाही. ट्रम्प यांनी बंड केलं की नाही, यावर कोर्ट बोललंच नाही. हे विसरून 'सुप्रीम कोर्टानं क्लीन चिट दिली' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

'केंद्राची पदं' यात काँग्रेसचे सदस्यही येतात. म्हणून आज तुमच्या खासदाराविरुद्ध जॉर्जियासारखी हरकत चालणार नाही. राहिलं काय? एक, केंद्राचा बंडाचा फौजदारी गुन्हा. त्यात शिक्षा झाली तर पद धारण करता येत नाही. पण ६ जानेवारीच्या शेकडो खटल्यांत हा गुन्हा कुणावरही लावला गेला नाही. दोन, सभागृहानं स्वतःच हाकलणं, त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात. १८६१-६२ मध्ये सिनेटनं फुटिरांना साथ देणाऱ्या १४ जणांना असं काढलं होतं. आज तेवढी मतं कुणाविरुद्ध जमतील, हे तुम्हीच सांगा. तीन, निवडून आल्यावर सभागृहानं बसू न देणं. सुप्रीम कोर्टाच्या १९६९ च्या पॉवेल निकालानं या अधिकाराला चाप लावलाय, फक्त या तिसऱ्या कलमाचा प्रश्न तिथे उघडा ठेवलाय.

'लोकांनाच ठरवू द्या' हा युक्तिवाद तुम्ही खोडून काढायला सांगितलाय. अर्धा खोडतो. पस्तीस वर्षांखालचा राष्ट्राध्यक्ष लोकांना हवा असला तरी मिळत नाही; पात्रतेच्या अटी या लोकांच्या निवडीवरच्या मर्यादाच असतात. स्टीव्हन्सलाही जॉर्जियानं रीतसर निवडून दिलं होतं आणि नेमकं तेच अडवायला हे कलम आलं. पण उरलेला अर्धा युक्तिवाद मला पटतो, आणि त्यासाठी आपल्याकडचंच उदाहरण पुरेसं आहे. १९६७ ला मुंबईत स. का. पाटलांना पाडणारे जॉर्ज फर्नांडिस आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात आरोपी होते. सरकार उलथवण्याच्या कटाचा आरोप होता. १९७७ मध्ये ते तुरुंगातूनच मुझफ्फरपूरहून प्रचंड मतांनी निवडून आले. आरोप पुरेसा धरला असता, तर आणीबाणीतल्या सरकारला विरोधकांची निवडणूक एका आरोपपत्रात संपवता आली असती. भारतात १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ शिक्षेनंतरच अपात्र करतं, ते याच काळजीनं. २०२४ ला बारामुल्लातून इंजिनिअर रशीद तिहारमध्ये राहून जिंकले, ते तुम्हाला खुपलंय. मलाही त्यात आनंद नाही. पण वर्षानुवर्षं खटला न संपवण्याचा दोष मतपत्रिकेवर ढकलू नये.

अमेरिकेतही हत्यार उलटतं. मिल्वॉकीचे समाजवादी व्हिक्टर बर्जर यांना पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून हेरगिरीविरोधी कायद्याखाली शिक्षा झाली. ते १९१८ ला प्रतिनिधिगृहावर निवडून आले, पण याच तिसऱ्या कलमाचा आधार घेऊन सभागृहानं १९१९ मध्ये त्यांना बसू दिलं नाही. पोटनिवडणूक लागली, लोकांनी पुन्हा त्यांनाच निवडलं. सभागृहानं पुन्हा नाकारलं. १९२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षाच रद्द केली आणि पुढच्या निवडणुकीनंतर ते जागेवर बसले. आणि कोलोरॅडोच्या निकालानंतर मिसुरीचे तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट जे ॲशक्रॉफ्ट यांनी बायडन यांचं नाव काढण्याची भाषा केलीच होती.

मला विचाराल तर १८७० चा दावा परत आणावा. काँग्रेसनं कायदा करावा. दावा केंद्राच्या कोर्टात, दिवाणी. पुराव्याची पातळी साध्या दिवाणी दाव्यापेक्षा वरची. जबानी आणि कागदपत्रं मागायचा पूर्ण हक्क. आणि अर्ज भरायच्या बऱ्याच आधी निकाल लागेल अशी मुदत. निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती फक्त तयार निकाल यावा. तो बहुतेक राज्यांत एका पक्षातर्फे निवडून आलेला असतो, त्याला 'बंड झालं का' हे ठरवायला लावणं त्याच्यावरही अन्याय आहे. अँडरसनच्या निकालानंतर डेमोक्रॅट खासदार जेमी रॅस्किन यांनी अशा विधेयकाची तयारी असल्याचं म्हटलं होतं, पण कायदा झालेला नाही, आणि आजच्या सभागृहात होईल असं मला दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ६ जानेवारीच्या सुमारे १,५०० जणांना माफी मिळाली, त्यात इव्हान्सही. मात्र राष्ट्राध्यक्षांची माफी गुन्ह्याची असते. तिसऱ्या कलमाची बंदी उठवायचा अधिकार मजकुराप्रमाणे काँग्रेसचा आहे, त्यामुळे दावा कधी परत आलाच तर माफीनामा दाखवून सुटता येईल, असं मी तरी कुठल्या अशिलाला सांगणार नाही.

शेवटचा मुद्दा, तुमच्या उपयोगाचा. ज्याच्याबद्दल तुम्हाला तक्रार आहे तो काँग्रेसचा नसून राज्याचा आमदार, काउंटीचा आयुक्त किंवा स्कूल बोर्डाचा सदस्य असेल, तर दार बंद झालेलं नाही. राज्यांना त्यांच्या स्वतःच्या पदांसाठी हे कलम लावता येतं, असं अँडरसनच्या निकालातच म्हटलंय आणि कोइ ग्रिफिनचं अपील सुप्रीम कोर्टानं त्याच महिन्यात नाकारलं. तुमच्या राज्यात असा दावा साधा मतदार लावू शकतो की फक्त ॲटर्नी जनरल, हे आधी तपासा. राज्यागणिक फरक आहे. मग शपथ कधी घेतली त्या तारखेचा दाखला मिळवा. ही तारीख नसेल तर बाकीचे व्हिडिओ गोळा करायच्या फंदात पडू नका.